मॉन्झाची तिरकी भिंत, १९६०ची फेरारी आणि माझं फसलेलं मिक्सिंग

मन्या_मिलानकर | रविवार, रात्री १०:५२

राम राम मंडळी. तीन वर्षं इथे नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

नोकरीनिमित्त मिलानला असतो. इथून लोकलने थोडक्यात मॉन्झाला पोचता येतं आणि तिथल्या राजाच्या बागेतच तो प्रसिद्ध रेस ट्रॅक आहे. १९२२ साली ११० दिवसांत बांधलेला. आताच्या फॉर्म्युला वनचा ट्रॅक सगळ्यांना टीव्हीवरून माहितीये, पण झाडीत त्याचा एक जुना भाग अजून उभा आहे, काँक्रीटची तिरकी भिंतच म्हणा ना, १९५५ला नव्याने बांधलेली. जास्तीत जास्त चढ ८० टक्के, म्हणजे ३८ अंशांच्या वर. पायी चढायला गेलात तर निम्म्यातच हात टेकावे लागतात (मी टेकले, बाजूने एक आजोबा कुत्र्याला घेऊन आरामात खालून गेले आणि हसले). ग्रां प्री, म्हणजे फॉर्म्युला वनची मोठी शर्यत, त्या भिंतीवरून फक्त चारदा झाली, ५५, ५६, ६० आणि ६१.

तर झालं काय की इथे नाविल्योच्या कालव्याकाठी महिन्याच्या शेवटच्या रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, आपल्या जुन्या बाजारासारखाच फक्त भाव ऐकून चक्कर येते. तिथे मला एक जुना प्रेस प्रिंट मिळाला. कृष्णधवल, जवळजवळ चौकोनी, भिंतीवर एक फेरारी, वर कठड्याशी चारपाच माणसं. मागे पेन्सिलीत फक्त '६०'. ना शिक्का ना नाव.

मग डोक्यात किडा वळवळला की हीच जागा शोधून आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही एकात एक मिसळायचे, अर्धं तेव्हाचं अर्धं आत्ताचं, आणि चांगल्या कागदावर मोठा प्रिंट काढून भिंतीवर लावायचा. जूनमध्ये दोन रविवार घालवले. आजची गाडी म्हणून ट्रॅकवर काढलेला एक हल्लीचा रेसकारचा फोटो पण त्यात टाकला, जुनी वर नवी खाली.

[फोटो १: वर फेरारी, खाली आजची गाडी, मध्ये झाडं]

आणि ते भंगार दिसतंय. खरंच सांगतो, शोरूमच्या कॅलेंडरसारखं. मास्क नीट आहे, कडा मऊ केल्यात, रंग काढून सगळं कृष्णधवल केलंय, तरी दोन फोटो एकमेकांकडे पाठ करून बसलेत असं वाटतंय. काय चुकतंय सांगा. कौतुक नको, ते आईने केलंय.

---

शेवटच्या_बाकावरून | रविवार, रात्री ११:१०

मी पहिला! फोटो मस्त आहे, आईशी सहमत.

---

अपर्चरअण्णा | रविवार, रात्री ११:३४

मन्या, विषय झकास काढलास. आता शिव्या खा.

पहिलं म्हणजे तू उभा राहून फोटो काढलायस आणि जुना फोटो कमरेच्या उंचीवरून काढलाय. कशावरून? चौकोनी आहे म्हणतोस, म्हणजे बहुतेक रोलायफ्लेक्ससारखा सहा बाय सहाचा कॅमेरा, तो गळ्यात अडकवून पोटाशी धरायचा आणि वरून आत वाकून बघायचं. त्यामुळे क्षितिजाची रेघ खाली येते. फोटोत क्षितिज कुठे येतं ते कॅमेरा किती उंचीवर आहे त्यावर ठरतं, लेन्सवर नाही. तुझ्या फोटोत आजची जमीन वरून दिसतेय आणि जुनी गाडी खालून दिसतेय. डोळ्याला कळतं की काहीतरी गंडलंय, काय ते सांगता येत नाही, म्हणून तुला 'पाठ करून बसलेत' वाटतंय.

दुसरं, जागा अंदाजाने नको घेऊस. जुन्या फोटोत एक जवळची वस्तू आणि एक लांबची वस्तू पकड, कठड्याचा खांब आणि मागचा दुसरा खांब वगैरे. त्या एकमेकांवर जशा चढलेल्या दिसतात तशाच दिसेपर्यंत डावीउजवीकडे सरकत राहायचं. मग पुढेमागे. मग गुडघे वाकवून उंची. लेन्स सगळ्यात शेवटी, कारण जागा बरोबर असली की लेन्सने फक्त कातरकाम होतं, ते घरी बसून पण होतं. जागा चुकली तर घरी बसून काही होत नाही, कितीही ताणा.

---

मन्या_मिलानकर | रविवार, रात्री ११:४९

आईशप्पथ अण्णा. मी पाच फूट अकरा आहे आणि ताठ उभा होतो.

---

पिंपरीचा_पॅडॉक | सोमवार, सकाळी ८:०५

अण्णांशी सहमत पण मला अजून एक दिसतंय. तुझ्या नव्या गाडीची चाकं गोठलेली आहेत. एक हजारांश सेकंदाला काढलायस ना? जुन्या फेरारीच्या चाकांच्या तारा विरघळून गेल्यात, मागचं काँक्रीट पण घासल्यासारखं झालंय, म्हणजे फोटोग्राफरने कॅमेरा गाडीबरोबर फिरवत कमी शटरला काढलाय. वर एक गाडी धावतेय आणि खाली एक पार्किंगला लावलीये, मग कसं जुळणार? १/१२५ ला पॅनिंग करून परत काढ, दहातले नऊ फुकट जातील पण दहावा बसेल.

माझी प्रॅक्टिस म्हणाल तर बैलगाडा घाट. हसू नका. २०२१च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने परवानगी दिल्यापासून मंचर-चाकण पट्ट्यात घाटाच्या कडेला उभं राहून १/६० ला पॅनिंग करतोय. बैल मोटारीपेक्षा अवघड कारण डोकं वरखाली करतो. शिवाय धूळ.

---

शेवटच्या_बाकावरून | सोमवार, सकाळी ८:२२

बैलांचं आणि फेरारीचं मिक्सिंग कर रे पॅडॉक. बक्षीस मिळेल.

---

निवांतनाना | सोमवार, सकाळी १०:४०

कोणाला राग येईल पण बोलतो. ह्याला कला म्हणायचं का? फोटो म्हणजे समोर जे आहे ते. दोन फोटो कातरून चिकटवले की ती करामत झाली, संगणकाची. पूर्वीचे लोक एका क्लिकमध्ये काढायचे.

---

डार्करूम_दादा | सोमवार, दुपारी १:१५

नानासाहेब, मनापासून आदर ठेवून सांगतो, पूर्वीचे लोक आपल्यापेक्षा जास्त कातरकाम करायचे. १८५७ साली रायलँडर नावाच्या माणसाने तीसेक निगेटिव्ह जोडून एकच मोठा फोटो बनवला होता, आणि इंग्लंडच्या राणीने त्याची एक प्रत नवऱ्यासाठी विकत घेतली. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मरणासन्न मुलीचा फोटो जुळवला. तेव्हा संगणक सोडा, घरात वीज नव्हती. नंतर अमेरिकेत जेरी युल्समन एका ओळीत अनेक एनलार्जर (निगेटिव्हवरून कागदावर फोटो मोठा करायचं यंत्र) मांडून तोच कागद एकाखालून दुसऱ्याखाली सरकवायचा. एका क्लिकवाला काळ असा कधी नव्हताच.

आणि घरातलाच दाखला देतो. माझ्या काकांचा सांगलीला स्टुडिओ होता, ७०-८०च्या दशकात लग्नाच्या अल्बमात 'मिक्सिंग'चे दोन फोटो असल्याशिवाय वधूपिता पैसे द्यायचा नाही. समईच्या ज्योतीत नवरी, नवऱ्याच्या तळहातावर नवरी, गुलाबात दोघं. मी लहानपणी त्यांच्या हाताखाली काळे कागद कापून मास्क करायचो. नाना, तुमच्या अल्बमात नाहीये का खरं सांगा.

---

निवांतनाना | सोमवार, दुपारी २:०२

आहे. ही चंद्रात आहे आणि मी खाली खडकावर बसलोय. खडक स्टुडिओतला होता.

शब्द मागे घेतो. पण अर्धेच.

---

ग्रिडवरची_गौरी | सोमवार, संध्याकाळी ७:३०

वाखूसा (वाचनखूण साठवली)!! नाना, खडक वाचून ऑफिसात फुटले.

मन्या, तुझ्या प्रिंटची तारीख आधी पक्की केलीस का? नुसत्या पेन्सिलीवर जाऊ नकोस. इंजिन पुढे आहे की मागे?

---

मन्या_मिलानकर | सोमवार, रात्री ८:१५

पुढे. लांब नाक, ड्रायव्हर मागे चाकांच्या जवळ. तारांची चाकं. नंबरावर नेमका उजेड पडलाय, वाचता येत नाही.

---

ग्रिडवरची_गौरी | सोमवार, रात्री ९:०१

मग ६१ नक्की नाही, कारण ६१ला फेरारीची ती शार्कच्या नाकाची गाडी होती, इंजिन मागे. बाजूला फुगवटे नसतील तर ५६ पण नाही, तेव्हा फेरारी लान्सियाच्या गाड्या पळवत होते आणि त्यांच्या दोन्ही कुशींना ते फुगवटे होते. ५८ला अमेरिकन गाड्यांबरोबर पाचशे मैलांची शर्यत झाली त्याच भिंतीवर, तिथे पण फेरारी होती, तेवढी एक शंका राहते, पण पेन्सिलीत ६० आहे तर धरून चाल.

आणि ६० असेल तर भारी फोटो आहे हा. ४ सप्टेंबर १९६०, इंग्लिश टीम्सनी त्या भिंतीवर गाडी घालायला नकार दिला, धोकादायक आहे म्हणून, आलेच नाहीत. फेरारीचं रान मोकळं. फिल हिल जिंकला. इंजिन पुढे असलेली गाडी चॅम्पियनशिपची ग्रां प्री जिंकायची ती शेवटची वेळ. म्हणजे तुझ्या फोटोतली गाडी तेव्हाच म्हातारी झालेली होती. तिच्याखाली तू आजची गाडी ठेवलीस म्हणून ते 'कालचं आणि आजचं' वाटतंय, पण ती तर तेव्हाच कालची होती! हे जरा डोक्यात घोळव.

---

मन्या_मिलानकर | सोमवार, रात्री ९:२०

गौरी हे मला माहीत नव्हतं. आता प्रिंटकडे बघवत नाही, म्हणजे चांगल्या अर्थाने.

६१चा नाही हे बरं झालं. ६१ला तिथे फेरारीच्या फॉन ट्रिप्सची गाडी उडून तो आणि पंधरा प्रेक्षक गेले. माझ्या प्रिंटमध्ये वर कठड्याशी माणसं उभी आहेत, मला ती सगळ्यात जास्त आवडलीत, एकाने पेपरची टोपी केलीये. ६१ची असती तर मी वापरली नसती.

---

शेवटच्या_बाकावरून | सोमवार, रात्री ९:४४

का नसती वापरली? ती माणसं काय त्याच जागी मेली का? आणि मेली असती तरी, लेनिनग्राडच्या वेढ्याचे फोटो आजच्या रस्त्यांवर चढवणारा तो रशियन आहे ना, लारेन्कोव, त्याच्या फोटोत रस्त्यावर प्रेतं आहेत आणि बाजूने आजची माणसं चाललीत. तेच तर बघायचं असतं.

(आज पहिल्यांदा सिरियस प्रतिसाद दिलाय, नोंद घ्यावी.)

---

डार्करूम_दादा | सोमवार, रात्री १०:३०

नोंद घेतली.

तिथे वेढा हाच विषय आहे, म्हणून चालतं. इथे मन्याला दिवाणखान्यात लावायला देखणा फोटो हवाय. देखण्यासाठी कोणाचं मरण वापरायचं नाही, एवढं मला पटतं. ६१चं करायचंच तर वेगळ्या मनाने करावं लागेल, आणि मग तो सोफ्याच्या वर लावता येणार नाही.

---

वकीलबाई | मंगळवार, सकाळी ११:००

मूड घालवायला आले. बाजारात प्रिंट विकत घेतला म्हणजे कागद तुमचा झाला, फोटोचा हक्क नाही. मोठा प्रिंट काढून घरात लावलात तर कोणी विचारायला येणार नाही, पण विकायला किंवा प्रदर्शनात ठेवायला निघालात तर प्रश्न येतो. इटलीच्या कायद्यात दोन खाती आहेत. साधा फोटो असेल तर काढल्यापासून ठराविक वर्षं (२०२५पर्यंत २० होती), आणि ज्यात फोटोग्राफरची स्वतःची कलाकृती म्हणावी असं काही असेल तर तो वारल्यानंतर ७० वर्षं. आता भांडण इथेच होतं की हा साधा का कलेचा. गंमत बघा, तुम्ही जितकं 'काय सुंदर फोटो आहे' म्हणाल तितका तुमचा खटला कमकुवत.

भारतात २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोलाही इतर कृतींसारखंच, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

निर्धास्त काम करायचं असेल तर अजून मागे जा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका नावाची साइट आहे, तिथे रोल नावाच्या जुन्या वृत्तसंस्थेच्या काचेच्या प्लेटा स्कॅन करून ठेवल्यात, १९०७-१२ सालच्या दिएपच्या ग्रां प्री वगैरे. डोळे फाटतात.

---

अपर्चरअण्णा | मंगळवार, दुपारी १२:२०

वकीलबाई जिंदाबाद. त्या प्लेटा घेऊन काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, त्या काळच्या बऱ्याचशा प्लेटांना लाल रंग दिसायचाच नाही. लाल गाडी काळी येते, निळी गाडी फिकट येते, आकाश पांढराफटक. आणि तेव्हा गाड्यांना देशाचे रंग, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा. म्हणजे प्लेटेवर काळीकुट्ट दिसणारी गाडी प्रत्यक्षात लालभडक असू शकते. आजचा रंगीत फोटो नुसतं सॅच्युरेशन शून्य करून त्याच्याशेजारी ठेवलात तर आकाश करडं आणि लाल मधलाच येतो, लगेच चोरी पकडली जाते. निळा चॅनल घ्या आणि लाल फेकून द्या, मग जवळ येतं. मन्याच्या ६०च्या फिल्मला ही भानगड नाही, तिला सगळे रंग दिसायचे.

ग्रेनचं, म्हणजे फिल्मच्या दाण्यांचं पण सांगून ठेवतो, दोन्ही फोटो आधी जोडा आणि मग सगळ्यावर एकच ग्रेन टाका. नव्यावर वेगळा टाकलात की ठिगळ दिसतं.

---

पिंपरीचा_पॅडॉक | मंगळवार, दुपारी १२:५०

दिएपवरून आठवलं, लार्तिग ह्या फ्रेंच फोटोग्राफरचा तो फोटो! अंडाकृती चाकवाला. गाडी पुढे झुकलीये आणि कडेची माणसं नि खांब मागे झुकलेत. पूर्वी सगळीकडे १९१२ म्हणून छापायचे, आता बऱ्याच ठिकाणी १९१३ लिहितात. पोरगं विशीच्या आतलं होतं. शटरची फट सरकत फोटो खालून वर उमटायला वेळ लागायचा आणि तो कॅमेरा गाडीबरोबर फिरवत होता पण गाडीपेक्षा हळू, त्यामुळे गाडीचा वरचा भाग उमटेपर्यंत ती पुढे गेलेली आणि माणसं मागे पडलेली. तेव्हा तो फोटो फसला म्हणून बाजूला पडला आणि १९६३ला न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये लागल्यावर लोक वेडे झाले.

आणि मजा म्हणजे आज मिररलेस कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर लावा, तेच होतं. सेन्सर ओळीओळीने वाचतो म्हणून गाड्या तिरक्या येतात. सगळे ते घालवायला बघतात. मी म्हणतो ठेवा की, शंभर वर्षांच्या अंतराने तीच चूक दोन्ही फोटोंत, ह्याहून चांगला सांधा कुठला मिळणार?

---

ग्रिडवरची_गौरी | मंगळवार, दुपारी १:३०

पॅडॉक, ही आयडिया मी चोरणार आहे, आत्ताच सांगते.

मी नीसला कामाला गेले होते तेव्हा एक दिवस मोनॅकोला जाऊन असलंच फोनवर केलेलं. तिथली पहिली शर्यत १९२९, बुगाटीत विल्यम्स जिंकला. वाटलं होतं सोपं असेल, गल्ल्या त्याच, चर्च तेच. कसलं काय! जिथे स्टेशन होतं तिथे हॉटेल आलं, समुद्राच्या बाजूचा भाग ७३ला स्विमिंग पूल झाल्यावर बदलला. तो हळूहळू जाणारा हेअरपिन, म्हणजे एकदम उलटं फिरणारं वळण, आहे ना, त्याचं नावच स्टेशनवरून हॉटेलवर गेलं आणि मग हॉटेल विकलं की परत बदललं. सेंत देवोतचं चर्च तेवढं पकडायला मिळालं. दोन तास रस्त्याकडेच्या एका बुटक्या खांबाभोवती फिरत होते, पोलिसाने विचारलं काय हरवलंय का. म्हटलं हो, १९२९. हसला नाही.

---

निवांतनाना | मंगळवार, संध्याकाळी ५:१०

माझी एक शंका. माझे मेहुणे मद्रासला असायचे. तिथे शोलावरमच्या जुन्या विमानाच्या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती व्हायच्या, त्यांनी काढलेले सत्तरच्या दशकातले आठदहा फोटो माझ्याकडे डब्यात आहेत. आमच्या चिरंजीवांनी २०११ला दिल्लीजवळ बुद्ध सर्किटला जाऊन फॉर्म्युला वनचे फोटो काढले, फेटल जिंकला तेव्हाचे. हे दोन मिसळून द्याल का कोणी? भारतातलं कालचं आणि आजचं.

---

मन्या_मिलानकर | मंगळवार, संध्याकाळी ६:४५

नाना, डबा उघडून स्कॅन करा आधी, काहीही होवो, ते फोटो हरवायला नकोत.

पण मिसळण्याबद्दल, मला वाटतं तो वेगळा प्रकार होईल. माझ्या डोक्यात जागा एकच असणं हा सगळा खेळ आहे. जागा थांबलेली आणि मधला काळ सरकलेला. शोलावरम आणि बुद्ध जोडलं तर ते कोलाज.

---

डार्करूम_दादा | मंगळवार, रात्री ९:१५

कोलाज म्हणजे कमी नाही रे मन्या. शिवाय नानांच्या फोटोंत जागा एक नसली तरी घर एक आहे, मेहुणे आणि मुलगा. शोलावरमला आता जाऊन त्या पट्टीचा फोटो काढणं हे तुझ्या पद्धतीचं होईल, आणि बुद्ध जोडणं हे नानांच्या पद्धतीचं. २०१३नंतर बुद्धला पण फॉर्म्युला वन झालीच नाही म्हणा, म्हणजे नाना ज्याला 'आजचं' म्हणतायत ते पण जुनंच झालं.

आता तुझ्या फोटोबद्दल, दोन दिवस बघतोय. मला वाटतं अण्णा आणि पॅडॉक सांगतात ते सगळं तू दुरुस्त करशील आणि तरी ते कॅलेंडरच राहील. कारण ती खालची आजची गाडी. जुनी फेरारी आधीच छोटी, तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) सव्वादोन मीटरच्या आसपास असेल, आणि आजच्या गाड्यांचा साडेतीनच्या घरात. खरं माप ठेवलंस तर म्हातारी खेळण्यासारखी दिसते, माप बदललंस तर खोटं बोललास. आणि दोन गाड्या म्हटल्या की बघणारा तुलना करत बसतो, ही भारी का ती भारी. मग भिंतीकडे कोण बघणार?

तू तिथे काढलेले बाकीचे फोटो दाखव ना. गाडी नसलेले. टाकाऊ म्हणून ठेवलेले.

---

मन्या_मिलानकर | मंगळवार, रात्री ११:३०

हे घ्या. टाकाऊच आहेत.

[फोटो २: रिकामी भिंत, फटींतून गवत]
[फोटो ३: भिंतीच्या पायथ्याशी एक बाई पळतेय, कानात हेडफोन]
[फोटो ४: दोन पोरं वर चढायचा प्रयत्न करतायत, एक घसरतोय]

दुसऱ्या रविवारी थकून बसलेलो तेव्हा बसल्या बसल्या काढलेत.

---

अपर्चरअण्णा | मंगळवार, रात्री ११:४१

बसून काढलेत!! म्हणजे उंची बरोबर आलीये!!

---

ग्रिडवरची_गौरी | मंगळवार, रात्री ११:५०

तीन नंबर. तीन नंबर. तीन नंबर. ती बाई बघत पण नाहीये आणि वरून फेरारी चाललीये. आणि पेपरच्या टोपीवाला तिच्याकडे बघतोय असं होईल बघ, त्याची मान खाली वळलेली आहे ना?

---

मन्या_मिलानकर | बुधवार, रात्री १:२०

झोपलो नाही. केलं.

[फोटो ५]

भिंत आजची ठेवली, गवतासकट. गाडी आणि कठड्याची माणसं ६०ची. मधे कडा पूर्ण पुसली नाही, जुन्या घराच्या रंगाचा पोपडा निघाला की खालचा आधीचा रंग दिसतो ना तशी वरच्या बाजूने ६०ची भिंत उगवू दिली. बाई जशी होती तशी. टोपीवाला खरंच तिच्याकडे बघतोय, मी काही हलवलेलं नाही.

---

डार्करूम_दादा | बुधवार, सकाळी ७:००

हं.

आता बरोबर.

---

निवांतनाना | बुधवार, सकाळी ८:३०

उरलेले अर्धे शब्द पण मागे.

---

शेवटच्या_बाकावरून | बुधवार, सकाळी ९:१५

शिवण दिसतेय पण. पूर्ण पुसली असती तर लोकांना खरंच वाटलं असतं.

---

डार्करूम_दादा | बुधवार, सकाळी ९:४०

म्हणूनच नाही पुसायची. खरं वाटावं म्हणून केलं की उद्या कोणीतरी तो फोटो पळवून 'बघा ६० साली बायका हेडफोन लावून पळायच्या' म्हणून फॉरवर्ड करेल. काकांच्या समईतल्या नवरीला कोणी खरं मानलं नाही, तिची मजाही कमी झाली नाही.

---

अपर्चरअण्णा | बुधवार, दुपारी १२:१०

फोटो सुंदर झालाय, मनापासून. पण मी अण्णा असल्यामुळे बोलणं भाग आहे. सावल्या जुळत नाहीत. टोपीवाल्याची सावली लांब आणि उजवीकडे, बाईची आखूड आणि जवळजवळ पायाखाली. तू किती वाजता काढलास?

---

मन्या_मिलानकर | बुधवार, दुपारी १२:३०

मुद्दाम तीनच्या सुमाराला. रेस दुपारची म्हणून. तरी??

---

अपर्चरअण्णा | बुधवार, दुपारी १२:५८

दोन लोच्ये. एक, तू गेलास जूनमध्ये. तिकडे जूनमध्ये सूर्य माध्यान्हाला ६८ अंशांपर्यंत चढतो आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ५१-५२. दुसरा लोच्या घड्याळाचा. इटलीत उन्हाळ्याला घड्याळ एक तास पुढे करायची पद्धत युद्धानंतर काही वर्षांत बंद झाली ती १९६६ला परत सुरू झाली. १९६०ला नव्हती. म्हणजे तेव्हाचे दुपारचे तीन म्हणजे तुझ्या मोबाइलातले चार.

सप्टेंबर, पहिला आठवडा, चार वाजता. तेव्हा जा आणि तीच बाई शोध.

---

मन्या_मिलानकर | बुधवार, दुपारी १:०५

अण्णा तुम्ही माणूस आहात का पंचांग.

---

ग्रिडवरची_गौरी | बुधवार, दुपारी १:२०

एक मिनिट. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर ग्रां प्रीच असते ना मॉन्झाला! बागेत तिकिटाशिवाय सोडणार नाहीत, आणि जॉगिंगवाली बाई तर विसरच.

---

मन्या_मिलानकर | बुधवार, रात्री ९:५०

बघितलं. उभं राहायचं साधं तिकीट असतं, बसायला जागा नाही, कुठेही फिरा. काढलंय.

आणि एक हिशोब केला. रेस तीनला सुरू होते. चार वाजता शेवटच्या फेऱ्या चालू असतील, म्हणजे जो तो जाळीला चिकटलेला, आणि जुन्या भिंतीवर बहुतेक कोणी नसेल. आत्ताच्या गाड्या एके ठिकाणी त्या जुन्या ओव्हलच्या, म्हणजे ह्या भिंतीच्याच ट्रॅकच्या, पुलाखालून जातात, तिथून जवळच माझी जागा आहे. फ्रेममध्ये गाडी येणार नाही, आवाज येईल नुसता.

इथल्या एकाकडून जुना रोलायफ्लेक्स उसना मिळतोय. पोटाशी धरून सराव सुरू केलाय, सगळं उलटं दिसतं हो त्यात, डावीकडे जायचं तर माणूस उजवीकडे जातो.

---

अपर्चरअण्णा | बुधवार, रात्री १०:०२

फिल्मचे दोन रोल जास्त घे. आणि पाणी.